बहिणींच्या आतलं पाणी

ते २००४ साल होतं. आमच्या इनलेटमधली, म्हणजे खाडीकाठच्या आमच्या गावातली, शाळा त्याच वर्षी बंद झाली आणि उरलेली मुलं बसने दुसऱ्या गावी जायला लागली, म्हणून साल माझ्या डोक्यात पक्कं आहे. टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा आमच्यासारखी शेवंडीवर जगणारी गावं बरीच होती. लाकडी धक्का, त्याला बांधलेल्या होड्या, एक पब, एक दुकान, आणि माझ्या स्वयंपाकघरात खिडकीखाली होड्यांशी बोलायचा रेडिओ.

रेडिओचं काम माझ्या आईकडून माझ्याकडे आलं. रोज सकाळी आणि दुपारी मी हजेरी घ्यायचे. एकेका होडीचं नाव पुकारायचं, होडीवाल्याने आपण कुठे आहोत ते सांगायचं, मी "ऐकलं" म्हणायचं आणि पुढच्या होडीकडे वळायचं. एखादी होडी परत आली नाही तर शोधायचं कुठे हे कळावं, एवढ्यासाठी ती हजेरी. एका हाताने मी बटण दाबायचे आणि दुसऱ्या हाताने कामं उरकायचे. ते बटण कायम पिठाळलेलं असायचं.

पण होडीवाले खरी जागा कधीच सांगत नसत. सगळा किनारा तेच ऐकत असायचा, आणि आपल्याला शेवंड कुठे लागते हे कोण जगजाहीर करील? म्हणून सगळे खोटं बोलायचे. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल, पण त्या खोट्यालाही शिस्त होती. ज्याचं त्याचं खोटं ठरलेलं असे आणि ते त्याच्या घरच्यांना ठाऊक असे. माझा नवरा मर्व्ह याचं खोटं तर अगदी सरळ होतं. गावाच्या उत्तरेला 'बहिणी' नावाचे दोन उंच खडक आहेत आणि दक्षिणेला 'काळी सोंड' हे भूशिर. मर्व्ह 'बहिणी' म्हणाला की त्याचे शेवंडीचे पिंजरे सोंडेपाशी, आणि 'सोंड' म्हणाला की बहिणींपाशी. आमच्या लग्नापासून यात कधी बदल झाला नव्हता. सकाळी त्याने काहीही सांगितलं तरी त्याला शोधायला माणसं नेमकी कुठे पाठवायची हे मला माहीत होतं. ट्रेंटलाही माहीत होतं.

ट्रेंट माझ्या भावाचा मुलगा. माझा भाऊ कीथ पिंजरे टाकताना गेला. पिंजरा पाण्यात सोडला की त्याच्यामागे दोर सरसर पळतो, आणि कीथचा पाय त्या वेटोळ्यात होता. तो मिळालाच नाही. ट्रेंट तेव्हा नुकता चालायला लागला होता. त्याची आई पुढे मेलबर्नला निघून गेली आणि पोर माझ्याकडे राहिलं. मला स्वतःचं मूल नव्हतं. त्याला वाढवताना मी देवाकडे फार काही मागितलं नाही. शाळेत हुशार निघो न निघो, दारू पिओ न पिओ, पण ह्याने दोरावर मरू नये, एवढंच. तरी इनलेटमधलं पोर आणखी कुठे जाणार? सतराव्या वर्षी तो मर्व्हच्या 'विनिफ्रेड'वर चढला. मर्व्हने त्याला धंदा शिकवला, वाऱ्याचे रंग शिकवले, स्वतःचं खोटंही शिकवलं. दहा वर्षं ते दोघं एका होडीवर होते, आणि दहा वर्षं हजेरीला मी सगळ्यांत आधी 'विनिफ्रेड' पुकारायचे.

त्या साली ऑक्टोबरात देवमासेवाले आले, म्हणजे देवमाशांचा अभ्यास करणारे. रिकाम्या पडलेल्या मास्तरांच्या घरात त्यांनी बिऱ्हाड थाटलं. दोघंच होते. एक फिलिपा, न्यूझीलंडची डॉक्टरीण, जिला सगळे पिप म्हणायचे. आणि दुसरा गुन्नार, दाढीवाला धिप्पाड नॉर्वेजियन, जो तिची यंत्रं बनवायचा आणि दुकानातले शिंपल्यांचं सारण भरलेले सगळे स्कॅलप-पाय एकटा संपवायचा. त्यांना रबरी होडी चालवायला इथलं पाणी ओळखणारा माणूस हवा होता. पिपचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी ट्रेंटचं नाव सांगितलं. त्या कामात पिंजरे नव्हते, दोर नव्हता. एक लांब काठी आणि एक डबी, बस.

ट्रेंट एका पायावर तयार झाला. मर्व्हला मात्र ते फार लागलं. शेवंडीचा हंगाम तोंडावर आलेला आणि होडीवरचा माणूस गेला. पबमध्ये सगळ्यांदेखत तो म्हणाला की पोरगा आता देवमाशांच्या ढुंगणाला डब्या चिकटवायला निघालाय. ट्रेंटने उलट सांगितलं की तुझ्या होडीवर म्हातारा होण्यापेक्षा ते बरं. त्या दिवशी ट्रेंट कपडे घेऊन मास्तरांच्या घरी राहायला गेला. तोवर मर्व्हला 'काका' म्हणणारा पोरगा त्याला नुसतं 'मर्व्ह' म्हणू लागला, तेही दुसऱ्याशी बोलताना. दोघांचं बोलणं बंद झालं. मला वाईट वाटलं, पण मनातून मी सुटल्यासारखी झाले होते. रुसवा काय, नाताळपर्यंत जाईल असं मला वाटायचं.

त्यांचं काम मी खिडकीतून पाहायचे. देवमासा श्वासाला वर आला की ट्रेंट होडी त्याच्या मागच्या बाजूने हळूच न्यायचा. पिप नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, उभी राहून लांब काठीने त्याच्या पाठीवर डबी ठेवायची. डबीला खाली रबरी वाट्या होत्या, त्या ओल्या कातडीला चिकटून बसायच्या. मासा कुठे कलला, किती खोल गेला, शेपटी कशी मारली, कुठे झटका खाल्ला, हे सगळं ती डबी दिवसभर आत साठवायची. संध्याकाळच्या सुमाराला वाट्या सुटायच्या आणि डबी तरंगायला लागायची. मग तिला शोधायचं. डबीच्या टोकाला बारीक तार होती. ती पाण्याबाहेर असली की टिकटिक यायची, बुडाली की बंद. गुन्नार टेकडीवर अँटेना धरून बसायचा आणि कानाने सांगायचा. तुटक टिकटिक म्हणजे डबी अजून माशावर, तो वरखाली करतोय. सलग टिकटिक म्हणजे डबी सुटली, जा आणि उचला.

त्या वर्षी देवमासे वेगळे वागत होते. एरवी नोव्हेंबरात ते दक्षिणेकडे जाताना लांबून, क्षितिजावरून जातात. त्या वर्षी ते किनाऱ्याला आले. जवळ्यासारखा लाल झिंगा एवढा साठला होता की बहिणींच्या आतलं पाणी विटेच्या रंगाचं दिसायचं. बांगड्यासारखे मासे धक्क्याच्या खांबांपर्यंत घुसले होते. वरून समुद्रपक्षी असे पडायचे जणू कोणी मूठमूठ फेकतंय. पोरांना मजा वाटली. आम्हा जुन्या लोकांना ते आवडलं नाही. वाळत घातलेल्या चादरींना देवमाशांच्या श्वासाचा कुजका वास येऊ लागला. शेजारची डोरीन म्हणाली, असं सगळं एका जागी आलं की मग त्यात माणूसही येतो. मी तिला गप्प बसवलं. पण पिंजरे पाण्यात टाकायचे दिवस जवळ येत होते, आणि शेवंडही त्याच खडकांत होती जिथे देवमासे चरत होते.

पिपला हे दिसत होतं. हंगाम सुरू व्हायच्या आधी तिने पबमध्ये सगळ्यांना बोलावलं आणि विनंती केली की रेडिओवर पिंजऱ्यांची खरी जागा सांगा. दोर असलेल्या पाण्यात आम्ही डबी लावायला जाणार नाही. होडीचा आवाज झाला की मासा बिचकतो आणि सरळ दोरात शिरतो. आमच्या माणसांनी माना डोलावल्या, ग्लास रिकामे केले. मर्व्ह म्हणाला, "डॉक्टरीणबाई, माझ्या जागा मी पाद्र्याला सांगितल्या नाहीत. मरताना सांगीन म्हटलं होतं, पण पाद्रीच आधी गेला." सगळा पब हसला. पिपही हसली, पण तिचा चेहरा उतरला. ट्रेंट कोपऱ्यात उभा होता, तो हसला नाही. दारात तिला म्हणाला म्हणे, तू कशाला काळजी करतेस, यांचं खोटं मी ओळखतो.

हंगाम उघडला. पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी मास्तरांच्या घरची वीज गेली आणि पिप आपला संगणक घेऊन माझ्याकडे आली. मी तिला जेवायला थांबवलं. मर्व्ह टेबलाच्या टोकाला पाठ करून बसला होता. पिप मला पडद्यावरची, एका मादीच्या डबीतून आलेली रेघ समजावत होती. रेघ खाली जायची, तळाशी करवतीच्या दातांसारखी वरखाली व्हायची, मग वर यायची. प्रत्येक दात म्हणजे एक घास. मादी शेपटी मारत वेग घेते, जबडा उघडते, आणि एवढं पाणी तोंडात शिरतं की तिचा वेग जागच्या जागी मरतो. मग ते पाणी गाळून बाहेर सोडायचं, झिंगा गिळायचा, आणि पुन्हा वेग घ्यायचा.

मर्व्ह वळला. "थांबते? एकदम?"

"जवळजवळ."

"म्हणजे पुऱ्या वेगात असताना नांगर टाकल्यासारखं. आणि ते दर घासाला."

"दर घासाला," पिप म्हणाली.

"माझं इंजिन एका दिवसात फुटेल."

पिपने सांगितलं की या मादीने उत्तरेच्या गरम पाण्यात कित्येक महिने जवळजवळ काही खाल्लेलं नाही, तिथेच ती व्यायली, आणि वरून पिल्लाला पाजतेय. तिला थांबणं परवडत नाही. सबंध दिवस ती हेच करत होती. अशी ती चरायला लागली की तिला आजूबाजूचं भान राहत नाही.

"दोराचंही?" मर्व्हने विचारलं.

"दोराचंही नाही."

मर्व्हने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग वेगळंच विचारलं, "पोरगा होडी कशी चालवतो?"

"उत्तम. बोलतो मात्र कमी."

"माझ्याकडे असताना तोंड बंद नसायचं त्याचं," तो म्हणाला. मग उठला आणि स्वतःची ताटली स्वतः धुऊन ठेवली. लग्नानंतर असं मी क्वचितच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजेरी घेत होते. 'विनिफ्रेड' पुकारली. मर्व्हचा आवाज आला, "बहिणींच्या आत. बारा वाव पाणी. सगळे पिंजरे इथेच टाकले आहेत. देवमासेवाल्यांनी ऐकलं असेल तर बरं."

शेवटचं वाक्य त्याने जोडलं आणि रेडिओवर दोघातिघांचं हसू ऐकू आलं. कोणीतरी म्हणालं, मर्व्ह म्हातारपणी विनोदी झाला. सगळ्यांना वाटलं तो पिपची टर उडवतोय. मी "ऐकलं" म्हटलं आणि पुढची होडी पुकारली.

रबरी होडीत काय झालं ते मला पिपने पुढे सांगितलं. तिने ते ऐकलं तेव्हा ते दोघं बहिणींकडेच निघाले होते, कारण तिथे एक मादी पिल्लासह चरताना गुन्नारला टेकडीवरून दिसली होती. पिप म्हणाली, "मर्व्ह सांगतोय की तिथे पिंजरे आहेत." ट्रेंट हसला. म्हणाला, "मर्व्ह सांगतोय ना? मग ह्या सबंध किनाऱ्यावर तेवढीच जागा मोकळी आहे." आणि खरंच, ते पोहोचले तेव्हा पाण्यावर पिंजऱ्यांची खूण म्हणून तरंगणारा एकही बोया नव्हता. भरतीची ओढ जोरात होती. अशी ओढ असली की बहिणींच्या मधून पाणी नदीसारखं धावतं आणि बोये पाण्याखाली ओढले जातात. ओढ मंदावली की पुन्हा वर येतात. हे ट्रेंटला माहीत नव्हतं असं नाही. पण जिथे पिंजरेच नाहीत अशी खात्री आहे तिथे पाण्याखालचे बोये कोण शोधतो?

त्यांनी त्या मादीला डबी लावली. पिप म्हणाली, इतकी सुंदर चिकटलेली डबी तिने आधी पाहिली नव्हती. काम झाल्यावर मासा बिचकू नये म्हणून ते लगेच दूर गेले आणि उत्तरेला किनाऱ्याच्या आडोशाला थांबले.

दुपारपर्यंत टेकडीवर तुटक टिकटिक येत होती. मग समुद्रावरून धुकं आलं. आमच्याकडे ते उन्हातही येतं, भिंतीसारखं सरकत. आधी बहिणी गेल्या, मग धक्क्याचं टोक गेलं. होड्या एकेक करून परत येत होत्या. मर्व्हही आला होता आणि धक्क्यावर मासळी उतरवत होता. मी दुपारच्या हजेरीसाठी रेडिओ लावला तेव्हा गुन्नारचा आवाज आला. तो ट्रेंटला सांगत होता की टिकटिक सलग झाली आहे. डबी वेळेआधीच सुटली म्हणायची. दिशा बहिणींचीच, आणि जागची हलत नाहीये.

ट्रेंट म्हणाला, "निघालो. धुक्यात तूच माझे डोळे."

त्यात काही वावगं नव्हतं. तरंगणारी डबी उचलायची म्हणजे मुलाचं काम. तरी मला ते 'जागची हलत नाहीये' कानात अडकल्यासारखं झालं. एवढी ओढ असताना तरंगणारी वस्तू जागेवर कशी राहील? मी तसं म्हणायला बटणाकडे हात नेला तेवढ्यात मर्व्ह मागच्या दाराने आत आला, बूट काढत. गुन्नार पुन्हा दिशा सांगत होता. मर्व्हचा एक बूट हातातच राहिला.

"ते कुठे चाललेत?"

"बहिणींकडे, डबी उचलायला."

"माझे पिंजरे आहेत तिथे."

मी म्हटलं, "तुझे सोंडेला आहेत. सकाळी तू बहिणी म्हणालास."

"बहिणी म्हणालो," मर्व्ह म्हणाला, "कारण बहिणींपाशीच आहेत. मी खरं सांगितलं, एनिड. त्याच्यासाठीच सांगितलं."

त्याने मला बाजूला केलं आणि बटण दाबलं. "ट्रेंट, मर्व्ह बोलतोय. मागे फिर. तिथे दोर आहेत. डबी सुटलेली नाही, मासा दोरात अडकून वर पडलाय."

मग ट्रेंटचा आवाज आला, आणि त्यात हसू होतं. "सकाळी एकदा झालं ना तुझं? आता दुपारचा प्रयोग का?"

"ट्रेंट, मी खोटं बोलत नाहीये."

"तुझं खोटं तूच शिकवलंस मला. बहिणी म्हणजे सोंड."

"आज बहिणी म्हणजे बहिणी. पाया पडतो पोरा, मागे फिर."

आमच्या संसारात मर्व्ह कोणाच्या पाया पडल्याचं मला आठवत नाही. रेडिओवर इतरही होडीवाले असणार, पण कोणी हसलं नाही. इंजिनाचा आवाज मंद झाल्याचं मला रेडिओतून कळलं. मग ट्रेंट बोलला, अगदी हळू, लहानपणी अंधारात काही दिसलं की बोलायचा तसा.

"काका, इथे दोर आहे."

"इंजिन बंद कर. कशाला हात लावू नकोस. मी येतोय."

पुढे काही आलं नाही. मी त्याचं नाव पुकारत राहिले. मर्व्ह एका पायात बूट घालून धक्क्याकडे पळाला.

धुक्यात काय झालं ते पिपकडून कळलं. ट्रेंटने इंजिन बंद केलं होतं. पण त्याआधीच ताणलेला दोर इंजिनाच्या पंख्यात अडकला होता. मादी दहाएक हातांवर पाण्यावर पडून होती, शेपटीला आणि पुढच्या एका पराला दोराचे वेढे, आणि पाठीवर डबी जशीच्या तशी. पिल्लू तिच्या अंगाला लागून होतं. ती शांत होती. दमली होती म्हणून असेल. ट्रेंट म्हणाला, पंखा मोकळा केल्याशिवाय आपण इथून हलू शकत नाही, आणि ती उसळली तर आपल्याला उलटवील. तो सुरी घेऊन मागे वाकला. डाव्या हाताने दोर धरला, म्हणजे मनगटाभोवती एक वेढा आलाच. तेवढ्यात मादी खाली गेली.

मर्व्ह पोहोचला तेव्हा होडी उलटी होती आणि पिप तिच्या दोरीला लोंबकळत होती. तिचा खांदा निखळला होता. मर्व्हने तिला वर घेतलं. मादी पुन्हा वर आली, श्वासाला, आणि मर्व्हने तिचा दोर होडीवरच्या दोर ओढायच्या चाकावर गुंडाळून ओढायला सुरुवात केली, आयुष्यभर पिंजरे ओढले तसं. दोराबरोबर ट्रेंट वर आला. सुरी अजून त्याच्या उजव्या हातात होती.

मग मर्व्हने मादीचा उरलेला दोर कापला. पिप सांगायची, की रडत नव्हता, बोलत नव्हता, एकेक वेढा शोधून कापत होता, आणि ती मोकळी होईपर्यंत थांबला नाही. ती पिल्लाला घेऊन धुक्यात गेली. डबी त्या झटापटीत सुटली होती. गुन्नारला ती पुढे किनाऱ्यावर मिळाली.

काही दिवसांनी पिपने हात गळ्यात बांधलेला असतानाच येऊन विचारलं, की डबीतली रेघ तुम्हाला पाहायची आहे का. मी नको म्हटलं आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. मर्व्ह मात्र तिच्याबरोबर बसला. बाहेर आल्यावर त्याने मला एवढंच सांगितलं, की सकाळभर ती खात होती, दात एकामागून एक, मग एक घास अर्धाच राहिला आणि त्यापुढे रेघ सपाट होती.

पिपने काठी पुन्हा हातात घेतली नाही. ती न्यूझीलंडला परत गेली. तिथे माशांच्या नुसत्या आवाजांवर तिने काम केलं, शिकवलं, आणि आता निवृत्त होऊन मेंढ्या पाळते. त्या मादीची ओळख तिच्याकडे फोटोंत होती, पण ती पुन्हा कुठे दिसल्याचं कळलं नाही.

गुन्नार परत गेलाच नाही. त्याने मास्तरांचं घर विकत घेतलं, होड्यांचे रेडिओ दुरुस्त केले, आणि शेवटी डोरीनच्या विधवा बहिणीशी लग्न केलं. गेल्या हिवाळ्यात वारला.

आमचे होडीवाले पंधरवडाभर रेडिओवर खरी जागा सांगत होते. त्यात एकाने दुसऱ्याच्या जागेवर पिंजरे टाकले, धक्क्यावर मारामारी झाली, आणि हळूहळू सगळं पहिल्यासारखं झालं. काही वर्षांनी होड्यांवर उपग्रहाची यंत्रं बसली, हजेरी संपली आणि रेडिओ कोणीतरी घेऊन गेलं. खिडकीखाली आता मी कोथिंबीर लावते.

मर्व्हने त्याच आठवड्यात पिंजरे काढले आणि 'विनिफ्रेड' विकली. त्यानंतर तो नऊ वर्षं जगला. फुप्फुसाने गेला, दवाखान्यात, माझा हात धरून. त्याचे शेवंडीचे खडक कुठले होते, सगळे, एकेक, त्याने मला शेवटच्या दिवसांत सांगितले. मला त्यांचं काय करायचं होतं? पण मी ऐकून घेतलं.

ट्रेंट टेकडीवरच्या दफनभूमीत आहे. माझे आजोबा, वडील, भाऊ, तिघंही समुद्रात गेले आणि तिघंही मिळाले नाहीत. आमच्या घरातला ज्याला माती मिळाली असा तो पहिला पुरुष. मी रविवारी जाते. तिथून बहिणी दिसतात, आणि नोव्हेंबरात कधी कधी देवमासेही, लांबून, क्षितिजावरून जाताना.